कारखान्याच्या चिमण्या, मॉरिशस आणि आमचा मळा

साखर कारखान्यात शिरले आणि वास आला नाही. पहिल्या पाच मिनिटांत मला एवढी एकच गोष्ट जाणवली. रोलर होते, दातेरी चाकं होती, जाडजूड पाइप होते, पॅन होते, सगळं जागच्या जागी, रंग दिलेलं, घासूनपुसून ठेवलेलं, आणि मळीचा वास नाही. ज्यांचं लहानपण कारखान्याच्या आसपास गेलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला की पुढचे चार-पाच महिने तो आंबूस गोडसर वास कपड्यांना, उशीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा असायचा. पाहुणे नाक धरायचे आणि आम्हाला तो येतच नसायचा. उलट एक दिवस हवा एकदम मोकळी लागायची तेव्हा कळायचं, पट्टा पडला, सीझन संपला.

तर हा कारखाना मॉरिशसचा, उत्तरेकडे पांप्लमूसजवळ बो प्लां नावाचा. १९९९ ला बंद पडला आणि २००२ ला त्याच शेडमध्ये साखरेचं म्युझियम सुरू झालं. लेक एबेनला नोकरी करते, राहते कात्र बोर्नला, तिच्याकडे मी तीन आठवडे होते (हे आले नव्हते, त्यांना रजा मिळाली नाही). परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं बीचचे फोटो कुठायत, तर बीचवर आम्ही दोनदाच गेलो आणि बाकीचे दिवस मी जुन्या साखर इस्टेटी बघत फिरले. लेकीला पहिले दोन दिवस कळेना आईला झालंय काय. मलाही नीट सांगता येत नव्हतं, म्हणून आता लिहून काढतेय.

बो प्लांचं म्युझियम खरोखर मन लावून केलंय. आपल्याकडे कारखाना बंद पडला की आधी तांब्या-पितळेच्या वस्तू जातात, मग मोटारी, मग पत्रे, आणि शेवटी चिमणी तेवढी उभी राहते कारण ती कुणाला नेता येत नाही. इथे त्यांनी यंत्रं तशीच ठेवली आणि मधून माणसांना चालायला वाट काढली. ऊस कुठून आत यायचा, रस कुठे उकळायचा, साखर कुठे पडायची ते क्रमाने कळत जातं. डच लोकांनी १६३९ ला ऊस आणला इथपासून गोष्ट सुरू होते, मग फ्रेंच, मग १८१० पासून इंग्रज. गुलामांबद्दल आहे, गिरमिटियांबद्दल (म्हणजे करारावर नेलेल्या हिंदुस्तानी मजुरांबद्दल) आहे, लपवलेलं काही नाही. शेवटी साखर चाखायला देतात, पांढरट सोनेरीपासून काळ्याकुट्टपर्यंत वेगवेगळ्या. त्यातली सगळ्यात काळी, ओलसर चिकट साखर मी जिभेवर ठेवली आणि डोळ्यात पाणीच आलं हो, कारण तो वास तिथे होता. सगळ्या इमारतीत नव्हता आणि त्या चमचाभर साखरेत होता. काकवीचा, मळीचा, आमच्या घरचा.

माझे वडील श्रीरामपूर तालुक्यात एका मळ्यावर टाइमकीपर होते. मळा म्हणजे शेतातला मळा नाही, आमच्याकडे 'मळा' म्हणजे शेकडो एकराचा उसाचा तुकडा, त्याचं ऑफिस, गोदाम, साहेबाचा बंगला, कामगारांच्या चाळी, सगळं मिळून एक गावच. आधी कंपनीचं होतं, नंतर शेती महामंडळाचं झालं. त्यावर पुढे लिहिते.

मॉरिशसला विमानतळावरून येतानाच दोन्हीकडे ऊस लागतो. आणि उसाच्या मधे मधे दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, अगदी रचून केलेले, काही पिरॅमिडसारखे. ते बेट ज्वालामुखीचं, जमिनीत दगडच दगड, ते हाताने वेचून बाजूला रचल्याशिवाय ऊस लावता येत नव्हता. कुणी वेचले? आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, नंतर आपल्याकडून नेलेल्या मजुरांनी. दुसरी गोष्ट म्हणजे चिमण्या. नुसत्या चिमण्या. आजूबाजूला कारखाना नाही, भिंत नाही, काही नाही, उसाच्या समुद्रात दगडी चिमणी एकटी उभी, कुठे तिच्या टोकावर पिंपळासारखं झाड उगवलेलं. एका जागी आम्ही गाडी थांबवून जवळ गेलो तर पायथ्याला धूर यायच्या भुयाराचं तोंड होतं आणि त्यात कोंबड्या बसल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात त्या एवढ्याशा बेटावर अडीचशेहून जास्त साखरेच्या गिरण्या होत्या. बेट केवढं, तर आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढंही नाही. प्रत्येक मालकाची आपली गिरणी, आपली चिमणी. मग वाफेची मोठी यंत्रं आली, छोट्या गिरण्यांना परवडेना, दोनाची एक, चाराची एक असं होत होत आता उरलेत तीन कारखाने. शेवटचा मोठा धक्का युरोपने दिला. १९७५ पासून युरोप ठरलेल्या चढ्या भावाने यांची साखर घ्यायचा, २००६ पासून तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी खाली आणला आणि २००९ ला तो करारच संपला. मग इस्टेटवाल्या कंपन्यांनी जमिनीवर व्हिला बांधले, गोल्फ कोर्स केले, मॉल केले. लेक काम करते ते एबेन, सगळ्या काचेच्या इमारती, तेही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ऊसच होता. आणि जे कारखाने चालू आहेत ते साखरेइतकेच विजेवर जगतात, उसाचा चोथा जाळून वीज करतात. आपल्याकडे सहवीजनिर्मिती म्हणतात तेच.

आता मालकांच्या घरांबद्दल. तिथे त्यांना शातो म्हणतात, आपण वाडा किंवा बंगला म्हणू. मी चार बघितले. सगळ्यांचं सांगत बसत नाही, पण थोडं सांगते कारण प्रत्येकाचं काहीतरी वेगळं झालंय.

मोकाचं युरेका हे लाकडी घर, १८३० च्या आसपासचं, १०९ दारं. मला आधी खोटं वाटलं, मग आत गेल्यावर कळलं की खोलीला भिंत अशी नाहीच, दारंच दारं, चारी बाजूंनी वारा. नदीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी. आता म्युझियम आहे, व्हरांड्यात जेवायला मिळतं, मागे राहायच्या खोल्या आहेत. स्वयंपाकघर घरापासून लांब, वेगळं, दगडाचं. घराला आग लागू नये म्हणून. लेक म्हणाली किती छान ना आई, आणि छान होतंच, पण मी उभी राहिले ती त्या स्वयंपाकघरात. ते काळं झालेलं छत बघत. व्हरांड्यात बसलेल्या माणसाला गरम चहा मिळावा म्हणून इथून तिथपर्यंत पावसात कोण पळत असेल हेच डोक्यात.

लाबुर्दोनेचा शातो तर एकदम राजवाड्यासारखा, १८५९ ला पूर्ण झालेला, दुमजली, खांबांच्या लांबच लांब ओळी, समोर झाडांची रांग. खराब झाला होता, २००६ ते २०१० चार वर्षं लावून दुरुस्त केला आणि लोकांना खुला केला. बागेत आंब्याची झाडं, फळांचे ज्यूस, रम, हॉटेल. तिथे सुतारकाम काय केलंय, मी वर बघतच राहिले. दक्षिणेकडच्या सँ ओबँची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. १८१९ चं घर, मोडलेल्या जहाजांच्या लाकडातून बांधलेलं म्हणतात, आणि ते कारखान्याच्या शेजारी होतं. १९७० च्या दशकात कारखान्याचा आवाज आणि धूर नको म्हणून अख्खं घर खोलून दुसऱ्या जागी नेऊन उभं केलं. आता तिथे जेवण, व्हॅनिलाची शेती, रमची भट्टी. क्युरपिपच्या ओबिनोचं घर १८७२ चं, ते आता चहाच्या टूरचा पहिला थांबा आहे. तिथे मी फक्त चहा प्यायले आणि निघाले, पाय दुखत होते.

हे सगळं बघून मला वाईट वाटलं का? नाही. मी हे स्पष्ट लिहिते कारण काही लोकांना वाटतं जुन्या मळेवाल्यांच्या घरात बसून जेवणं म्हणजे पाप. मला तसं वाटत नाही. घर वापरात राहिलं तर छप्पर शाबूत राहतं, वाळवी लागत नाही, पाच-पंचवीस माणसांना पगार मिळतो. बंद करून बोर्ड लावून ठेवलेल्या इमारतीचं काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. लाकडी घर तर माणूस नसला की दहा वर्षांत खाली बसतं, त्यात तिथली वादळं. हॉटेल करा, म्युझियम करा, लग्नाचा हॉल करा, काहीही करा पण वापरा. माझा प्रश्न वेगळा होता आणि तो चौथ्या दिवसानंतर मला नीट कळला.

चौथ्या दिवशी लेक ऑफिसला गेली आणि तिने ओळखीचा एक टॅक्सीवाला लावून दिला. साधारण माझ्याच वयाचा. पहिल्या दिवशी मादाम म्हणाला, मी पुण्याची म्हटल्यावर एकदम गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला आम्ही पण मराठी. मराठी बोलता येत नव्हती त्याला. घरात क्रिओल बोलतात, माझ्याशी भोजपुरीच्या वळणाची हिंदी. पण सुखकर्ता दुखहर्ता सगळी पाठ, एक अक्षर न चुकता, आणि तिथे गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते हे त्याने मला इतक्या अभिमानाने सांगितलं की जसं काही ती त्यानेच मिळवून दिली. गणपतीत झाकरी करतात म्हणाला. मला आधी कळेना, मग त्याने मोबाइलवर दाखवली, गोल धरून पाय टाकत नाचतात, ढोलकी, आणि मी म्हटलं अहो ही तर आमच्या कोकणातली जाखडी! त्या दिवसापासून मी त्याची मौसी झाले आणि टॅक्सीचे पैसे द्यायला रोज भांडायला लागायचं.

त्याला म्हटलं मालकांची घरं बघून झाली, आता कामगार कुठे राहायचे ते दाखव. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मौसी, ते सगळं गेलं. एक आहे.

ते एक म्हणजे त्रियानों. आणि गंमत म्हणजे ते लेकीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, जिथे आम्ही भाजी-दूध घ्यायला शॉपिंग सेंटरला जायचो तिथेच जवळ. त्रियानों इस्टेटच्या मजुरांची बराक, काळ्या दगडाची, कमानीच्या छताच्या खोल्या एकाला एक लागून. छप्पर पत्र्याचं किंवा गवताचं नाही, दगडाचीच गोल कमान, अर्धं पिंप आडवं ठेवावं तशी. राष्ट्रीय वारसा म्हणून जपलेली. मी दारापाशी उभी राहून आत बघत होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आतून गार हवा चेहऱ्यावर येत होती, दगडी विहिरीतून येते तशी. भिंतीला हात लावला तर खडबडीत, चुना निघालेला, आणि दरवाजाच्या कडेचा दगड मात्र एका ठिकाणी, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर, गुळगुळीत झालेला. माणसं आत-बाहेर करताना हात टेकत असणार. किती वर्षं, किती हात. मी तिथे हात टेकून बराच वेळ उभी राहिले. पलीकडून मॉलच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे आवाज येत होते.

ही बराक टिकली कारण ती दगडाची होती. बाकीच्या इस्टेटींवर मजुरांना गवताच्या झोपड्या होत्या, नंतर पत्र्याच्या खोल्या. अशा वस्तीला तिथे 'कां' म्हणतात, म्हणजे कॅम्प, आणि कितीतरी गावांच्या नावात तो कॅम्प अजून चिकटलेला आहे. १८९२ च्या वादळात, नंतर १९६० च्या कॅरोल वादळात असल्या घरांची धूळदाण उडाली. सरकारने मग सिमेंटची घरं बांधली. लोकही इस्टेट सोडून गावात स्वतःची जागा घ्यायला बघत होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मालकांना पैशांची तंगी आली तेव्हा त्यांनी कडेकडेच्या जमिनीचे तुकडे पाडून विकले, आणि पै पै साठवलेल्या हिंदुस्तानी मजुरांनी ते घेतले. त्याला मोर्सेल्माँ म्हणतात. आजही तिथे नव्या प्लॉटिंगला हाच शब्द आहे, हायवेवर पाट्या दिसतात. म्हणजे कॅम्प मोडले ते सगळेच काही कुणी दुष्टपणे मोडले असं नाही, माणसांनाच तिथून बाहेर पडायचं होतं. टॅक्सीवाल्याची आजी म्हणायची म्हणे, कॅम्पचं नाव काढू नका, सिमेंटच्या घरात मरायचं होतं ते देवाने दिलं.

दुसऱ्या दिवशी तो एक प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कागद घेऊन आला. मोकाला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची सगळी जुनी रजिस्टरं जपून ठेवलीत, तिथून वंशजांना आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळतो. त्याच्या खापरपणजोबांचा तो उतारा. नंबर. नाव, एकच शब्द, इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं, पण वाचलं की कळतं अस्सल कोकणी नाव आहे. बापाचं नाव. वय २२. उंची पाच फूट दोन इंच. अंगावरची खूण, डाव्या भुवईवर व्रण. बंदर बॉम्बे. जिल्हा रत्नागिरी, त्याचंही स्पेलिंग भलतंच. आणि शेवटच्या रकान्यात इस्टेटीचं नाव. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, आणि एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. तिथे 'डबल कट' म्हणतात, म्हातारी माणसं तो शब्द अजून वापरतात म्हणाला.

१८३४ च्या नोव्हेंबरमध्ये ॲटलस नावाच्या जहाजातून पहिले ३६ जण आले, कलकत्त्याहून, ते आंत्वानेत नावाच्या इस्टेटीवर गेले. त्यानंतर गुलामगिरी कायद्याने संपली १८३५ ला, तेव्हा बेटावर साठ हजारांहून जास्त गुलाम होते. मालकांना नुकसानभरपाई मिळाली, गुलामांना नाही मिळाली. आणि मग आपल्याकडून माणसांची रीघ लागली, जवळजवळ पाच लाख. बहुतेक बिहार-युपीकडचे, मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून आपले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या १६ पायऱ्या चढून ते वर आले त्या पायऱ्या आणि तो डेपो, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यालाही आधी कुली घाट म्हणायचे, १९८७ ला नाव बदललं. डेपोचा बराचसा भाग रस्त्याखाली वगैरे गेला, उरलाय तो थोडा. मी त्या पायऱ्यांवर बसले नाही. लोक फोटो काढत होते, मला नाही जमलं.

तर त्या उताऱ्यातली इस्टेट दक्षिणेकडची. नाव लिहीत नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. तिथल्या मालकाच्या घरात आता रेस्टॉरंट आहे आणि हा आठवड्यातून दोनदा-तीनदा टुरिस्ट घेऊन तिथे जातो. मला घेऊन गेला. पांढरं घर, हिरवळ, छत्र्या, सगळं सुंदर. आत भिंतीवर घराच्या मालकांचे फोटो, लग्नाचे, शिकारीचे, घोड्यांचे, प्रत्येकाखाली नाव आणि साल. मी तीन खोल्या फिरून बघितलं, कामगाराचा एकच फोटो, त्यात पंधरा-वीस जण उसापुढे उभे, खाली लिहिलंय उसाची तोडणी. बस. एकाचंही नाव नाही.

जेवण झाल्यावर तो म्हणाला चला दाखवतो. पार्किंगमध्ये नेलं. एका आंब्याखाली त्याची गाडी लावलेली होती, रोज तिथेच लावतो. म्हणाला हा आंबा कॅम्पचा आहे. ही पार्किंगची जागा म्हणजे कॅम्प. आजी सांगायची आंब्यापासून तिसरी खोली, म्हणजे तिकडे, त्या निळ्या गाडीपाशी कुठेतरी तिचा जन्म. मी विचारलं इथल्या लोकांना हे माहितीय का, हॉटेलवाल्यांना? तो म्हणाला, कुणी विचारलं नाही मौसी.

मला तेव्हा माझा प्रश्न कळला. घराला नवा उपयोग मिळाला, गोदामाला मिळाला, कारखान्याच्या शेडला मिळाला, चिमणीला काही नाही तर निदान कोंबड्या मिळाल्या. पण ज्या खोल्यांमधून ही सगळी माणसं रोज पहाटे बाहेर पडायची त्या खोल्यांना नवा उपयोग मिळाला नाही कारण त्या कुणाला ठेवाव्याशाच वाटल्या नाहीत. आणि खोली गेली की तिच्यातली नावंपण जातात. पाटी लावायला पैसे किती लागतात? एक आंबा, एक पाटी, इथे कॅम्प होता, एवढ्या खोल्या होत्या, ही ही नावं रजिस्टरमध्ये आहेत. एवढं तरी त्या रेस्टॉरंटला जड जायला नको.

आता आमच्या मळ्याचं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, श्रीरामपूरकडे १९२० च्या सुमारास हरेगावला इंग्रजांच्या बेलापूर कंपनीने साखर कारखाना काढला. नंतर टिळकनगरचा निघाला, १९३३ चा, तिथे पुढे दारूची फॅक्टरी झाली. कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या, हजारो एकर, आणि स्वतःच ऊस पिकवला. म्हणजे सहकारी कारखान्यासारखं नाही, अगदी मॉरिशससारखंच, जमीन कंपनीकडे, ऊस कंपनीचा, माणसं पगारावर. १९६१ ला सीलिंगचा (किती जमीन ठेवता येईल त्याच्या मर्यादेचा) कायदा आला, जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ ला शेती महामंडळ झालं. ज्यांच्या मूळ जमिनी ते खंडकरी, त्यांची लढाई पुढे कित्येक वर्षं चालली. हरेगावचा कारखाना बंद पडूनही आता कितीतरी वर्षं झाली. हरेगावला लोक जातात ते मतमाऊलीच्या (मेरीमातेच्या) यात्रेला, सप्टेंबरमध्ये, तोबा गर्दी असते. कारखाना बघायला कोण जाणार.

आम्ही राहायचो मधल्या लाइनीत. साहेबाचा बंगला एका टोकाला, उंच जोत्याचा, चारी बाजूंनी व्हरांडा, जाळीची दारं. चाळी दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे. मधे आमची क्लार्क लोकांची क्वार्टर्स. म्हणजे मी खोटं सांगणार नाही, चाळीत मी राहिलेली नाही, पण माझ्या सगळ्या मैत्रिणी तिथल्या.

मॉरिशसहून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन मळ्यावर गेले. अण्णा ८१ चे आहेत, गुडघे गेलेत, पण मळा म्हटल्यावर सकाळी सहाला शर्ट-पँट घालून दारात तयार. बंगला उभा आहे. गोऱ्या साहेबाचा, मग महामंडळाच्या मॅनेजरचा, मग बियाण्याचं गोदाम, मधे काही वर्षं कुलूप, आता एका खोलीत कसलंतरी ऑफिस आहे आणि बाकीच्यांना दारं नाहीत. कौलं सरकलीत, व्हरांड्यात शेरडं बांधलेली. पण उभा आहे. तिथे मला आशा वाटते. कुणी मनावर घेतलं तर शाळा होईल, वाचनालय होईल, निदान ऊसतोडीच्या सीझनमध्ये कोपीवर (तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर) येणाऱ्या मुलांची शाळा तरी होईल, दरवर्षी पोरं आईबापांबरोबर फडावर फिरतात आणि जवळ एवढी मोठी इमारत रिकामी आहे.

चाळी नाहीत. वेडी बाभूळ माजलीय. मला काहीच दिसेना, मी म्हटलं अण्णा चला, काटे लागतील. अण्णांनी काठीने गवत बाजूला केलं आणि खाली दगडाची एक रेघ दिसली, जोत्याची. मग दुसरी. मग अण्णा त्या रेघेने चालायलाच लागले, गुडघे विसरून, दहा फुटांवर थांबायचे, काठी टेकवायचे आणि सांगायचे. ही पाटकऱ्याची. ही मुकादमाची, याला दोन खोल्या होत्या. ही त्या तिघी बहिणींची, त्यातल्या एकीचा नवरा सापाने गेला इथे. ही रिकामी असायची, भुताची म्हणायचे. इथे चूल बाहेर होती. इथे हजेरीची घंटा. बावीस खोल्या सांगितल्या त्यांनी, माणसांच्या नावानिशी, चाळीस वर्षं रोज ज्यांची हजेरी लावली त्यांची नावं ती, कशी विसरतील. मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलंय. सतरा मिनिटं.

घरी येऊन अल्बम काढले. बंगल्याचे अकरा फोटो आहेत. साहेबाचा निरोप समारंभ, पंधरा ऑगस्ट, कुणीतरी मंत्री आलेले, सगळे बंगल्यासमोर. कारखान्याच्या चिमणीचे दोन. चाळीचा एकही नाही. फोटोग्राफर कधी तिकडे गेलाच नाही.

नाही म्हणायला एक सापडला. माझ्या पाचव्या वाढदिवसाचा, फ्रॉक घालून मी आणि चार मैत्रिणी, आणि मागे अर्धवट एक दार आलंय, त्यावर खडूने १४ लिहिलेलं. अण्णांना दाखवलं तर लगेच म्हणाले, चौदा नंबर म्हणजे पाटकऱ्याच्या शेजारची.

तुमच्यापैकी कुणी श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता भागातल्या मळ्यांवर वाढलं असेल, किंवा आईवडील तिथे कामाला असतील, तर जुने अल्बम बघा प्लीज. चाळीचे फोटो हवेत. लग्नाच्या फोटोत मागे भिंत आली असेल, बारशाच्या फोटोत ओटा आला असेल तरी चालेल, अस्पष्ट असला तरी चालेल. खाली कॉमेंटमध्ये लिहा, मी मागून घेईन. बावीस नावं माझ्याकडे आहेत, दार फक्त चौदा नंबरचं मिळालंय.